विश्लेषण : कळसूबाई श्रीनगरपेक्षा उंच, तरी सह्याद्रीतल्या तलावांत ट्राउट का नाही?

काश्मीर आणि हिमाचलमधल्या निळ्याशार तलावांच्या काठी उभे राहून लांब काठीने ट्राउट पकडणाऱ्यांच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर सर्रास दिसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पावसाळी ट्रेकसाठी नाशिक जिल्ह्यातून तिकडे जाणाऱ्यांची संख्याही कमी नाही. इकडे पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीच्या पट्ट्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला, की ओढ्यांवर आणि धरणांच्या तोंडाशी मासे धरणाऱ्यांची गर्दी होते. दोन्हीकडे मासेमारीच्या हंगामाची ही सुरुवातच मानली जाते. मात्र माशाच्या दृष्टीने या दोन सुरुवातींचा अर्थ अगदी उलट आहे. तो कसा, आणि ट्राउट आपल्या धरणांत का जगू शकत नाही, याविषयी...

ट्राउट भारतातला मासा आहे का?

नाही. ट्राउट हा सॅमन माशाच्या कुळातला, थंड आणि स्वच्छ पाण्यात राहणारा मासा. भारतात त्याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपकडचा, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. दोन्ही इंग्रजांच्या काळात भारतात आणले गेले, तेही मुख्यतः शिकारीच्या हौसेपोटी.

पहिले प्रयत्न फसले. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८६३मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा केलेला प्रयत्न यशस्वी झाला नाही. काश्मीरसाठी १८९९मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच वाया गेली. पुढच्याच वर्षी, १९००मध्ये, बर्फात जपून आणलेली अंडी टिकली आणि काश्मीरमध्ये ट्राउटची पैदास सुरू झाली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे हारवनचे उबवणी केंद्र उभे राहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत कुलू, निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांतही ट्राउट स्थिरावला. गंगाबल, विशनसर, कृष्णसर यांसारख्या काश्मीरच्या उंचावरच्या तलावांत आज दिसणारा ट्राउट हा याच पैदाशीचा वंश आहे.

‘फ्लाय फिशिंग’ आणि आपला गळ यांत फरक काय?

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. तंगुसाला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात फेकतात. इथे वजन आमिषाच्या बाजूला असते आणि त्याच्या जोरावर तंगूस लांब जाते.

‘फ्लाय फिशिंग’मध्ये खरे आमिष नसते. पक्ष्याचे पीस, प्राण्याचे केस आणि रंगीत दोरा यांचा वापर करून बारीक गळावर किड्याची नक्कल बांधलेली असते. तिलाच ‘फ्लाय’, म्हणजे माशी म्हणतात. या माशीला वजन जवळपास नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. जाड, विशिष्ट वजनाची दोरी काठीने मागे-पुढे झुलवायची आणि तिच्या वेगावर माशी पाण्यावर हलकेच उतरवायची, हे त्यातले कसब. दोरी आणि माशी यांच्यामध्ये बारीक, पारदर्शक तंगुसाचा तुकडा असतो. माशाला दोरी दिसू नये हा त्यामागचा उद्देश.

हे सारे करण्याचे कारण ट्राउटच्या खाण्यात आहे. तलावातल्या ट्राउटचे बरेचसे पोट पाण्यातल्या किड्यांवर भरते. त्यातही चिलटासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या किड्यांचा वाटा मोठा असतो. या किड्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात, कोष होऊन हळूहळू वर येतात आणि पृष्ठभागावर पंख फुटून उडून जातात. वर येण्याच्या या प्रवासात त्या ट्राउटच्या तोंडी सहज पडतात. त्यामुळे तलावावरचा जाणकार मासेमार आधी काठावरचे किडे पाहतो आणि मग डबीतून तशीच माशी काढतो.

बर्फ वितळल्यानंतरचे पहिले दिवस एवढे महत्त्वाचे का?

याचे उत्तर पाण्याच्या एका विचित्र गुणधर्मात आहे. बहुतेक पदार्थ थंड होत जातील तसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले, की ते पुन्हा हलके होते. म्हणून तलाव वरून गोठतो. बर्फाच्या लगेच खाली पाणी शून्य अंशाच्या आसपास असते, तर तळाशी ४ अंशांचे. हिवाळाभर हे थर एकमेकांत मिसळत नाहीत. बर्फाच्या झाकणामुळे हवेतला प्राणवायूही पाण्यात उतरत नाही.

वसंतात बर्फ वितळतो आणि वरचे पाणी तापून ४ अंशांवर येते. आता वरपासून खालपर्यंत पाणी जवळपास सारख्याच वजनाचे झालेले असते. अशा वेळी वारा सुटला, की अख्खा तलाव ढवळला जातो. वरचा प्राणवायू तळाला जातो, तळाची पोषक द्रव्ये वर येतात. शास्त्रज्ञ याला तलावाची उलथापालथ म्हणतात. त्यानंतर सर्वांत आधी तापते ते काठाचे उथळ पाणी. तिथे शेवाळ धरते, किडे हालचाल करू लागतात आणि हिवाळाभर अर्धपोटी राहिलेला ट्राउट काठाजवळ चरायला येतो.

त्यामुळे या दिवसांत खोल पाण्यात फेकण्यापेक्षा काठापासूनचे काही मीटर, झरा किंवा ओढा तलावाला मिळतो ती जागा आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ, या तीन ठिकाणी मासा मिळण्याची शक्यता अधिक असते. वाऱ्याबरोबर पृष्ठभागावरचे किडे आणि किंचित कोमट पाणी त्या काठाला जमा होते. मात्र पाणी अजून थंडच असल्याने मासा सुस्त असतो, वेगाने पळणाऱ्या माशीचा पाठलाग करत नाही. म्हणून दोरी अगदी सावकाश ओढावी लागते. उन्हाळा वाढला, की वरचे पाणी तापते आणि ट्राउट खोल, गार थरात उतरतो. तेव्हा काठावरची ही संधी संपते.

काश्मीरच्या उंच तलावांवर ही ‘सुरुवात’ उशिरा येते. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या या तलावांकडे जाणाऱ्या खिंडी बर्फाने बंद असतात. सोनमर्गहून नारानागपर्यंतचा ‘ग्रेट लेक्स’ ट्रेक साधारण जुलैत सुरू होतो, तो त्यामुळेच.

कळसूबाई श्रीनगरपेक्षा उंच, मग अडचण कुठे?

कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, तर श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च टोक श्रीनगरपेक्षा थोडे उंचच. तरीही ट्राउटच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणांत मोठा फरक आहे. श्रीनगरच्या भोवतीच्या नद्यांना उन्हाळाभर वितळत्या बर्फाचे पाणी मिळते. सह्याद्रीत बर्फ नाही. इथल्या ओढ्यांचे पाणी पावसाचे असते आणि उन्हाळ्यात बहुतेक ओढे आटतात. शिवाय महाराष्ट्र विषुववृत्ताला अधिक जवळ आहे. मुन्नार आणि निलगिरी त्याहूनही दक्षिणेला असूनही तिथे ट्राउट टिकतो, पण तो सुमारे २,००० मीटर किंवा त्याहून उंच पठारांवर. तेवढ्या उंचीचे पठार महाराष्ट्रात नाही.

पिंपळगाव बसवंतच्या आसपासची धरणे तर त्याहून बरीच खाली आहेत. गावातून वाहणाऱ्या पाराशरी नदीवर वरच्या अंगाला तिसगाव धरण आहे. कादवा नदीवर करंजवण आणि पालखेड, कोळवण नदीवर वाघाड, तर उनंदा नदीवर पुणेगाव आणि ओझरखेड ही धरणे आहेत. या सर्वांचे पाणी सिंचन आणि पिण्यासाठी आहे. पालखेडचा डावा कालवा थेट येवला-मनमाडकडे जातो. त्यामुळे आवर्तने सुटत जातात तसा साठा घटत जातो आणि मे महिन्यात अनेक धरणांत उथळ, तापलेले पाणी तेवढे उरते.

निफाडची थंडी ट्राउटला पुरणार नाही का?

निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. काही वर्षी इथला पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागायतदारांना घड वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पण तो आकडा हवेचा असतो आणि पहाटेच्या काही तासांपुरता. पाणी हवेपेक्षा फार सावकाश थंड होते. धरणाएवढा साठा एका रात्रीत गार होत नाही आणि दुपारचे ऊन त्याला पुन्हा ऊब देते.

ट्राउटला १० ते १६ अंशांचे पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले, की त्याचे खाणे मंदावते आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. त्यामागे प्राणवायूचे गणित आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येतो. उलट पाणी तापेल तशी माशाची प्राणवायूची गरज वाढते. गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा कोंडीत ट्राउट एप्रिल-मे पार करू शकत नाही. हिवाळ्यात आणून सोडलेला मासा फार तर होळीपर्यंत तग धरेल.

मग आपल्याकडच्या हंगामाची सुरुवात कोणती?

आपल्याकडच्या माशांचे वर्ष पावसापासून सुरू होते. पहिल्या जोरदार पावसाने ओढ्यांना गढूळ पाणी येते, ते नदीत आणि धरणात उतरते. पाण्याचा हा नवा प्रवाह, घटलेले तापमान आणि वाढलेली पातळी ही माशांसाठी खूण असते. ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकू लागतात, ओढ्यांत, ओहोळांत, काही वेळा थेट पाणी साचलेल्या शेतांत शिरतात. यांनाच ‘चढणीचे मासे’ म्हणतात. कोकणात याच घटनेला ‘वलगण’ असा शब्द आहे.

ही चढण खाण्यासाठी नसून अंडी घालण्यासाठी असते. उथळ, नव्याने भिजलेल्या गवताळ जागी पिलांना खाद्य भरपूर असते आणि मोठ्या भक्षक माशांचा वावर कमी. शिवड्यासारखा मोठा मासाही पावसाच्या सुरुवातीला अशाच उथळ पाण्याकडे येतो. हाच शिवडा आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

इथे दोन हंगामांतला मूळ फरक दिसतो. ब्राउन ट्राउट हिमालयात हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. म्हणूनच हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते आणि मार्चमध्ये ती उठते. काश्मीरमध्येही नद्यांवरचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. म्हणजे तिकडे हंगाम उघडतो तो विणीनंतर. आपल्याकडे जूनची गर्दी होते ती नेमकी विणीच्या वेळी. पोटात अंडी असलेली एक मादी ओढ्यावर पकडली गेली, तर मासा एक जातो, पण त्याबरोबर हजारो अंडीही जातात.

याचा फटका कोणाला बसतो?

सर्वांत आधी धरणावर पोट असलेल्या मच्छीमारांना. धरणांत मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. संस्था दरवर्षी मत्स्यबीज विकत घेऊन सोडतात. त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांचा भरणा असतो. हे मासे मूळचे प्रामुख्याने उत्तर भारतातल्या मोठ्या नद्यांचे. त्यांना अंडी घालायला वाहते पाणी लागते, साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण करत नाहीत. म्हणून बोटुकलीचा खर्च दरवर्षी करावा लागतो.

स्थानिक माशांचे तसे नाही. शिवडा, मरळ, शिंगाळा, वाम आणि लहान खवल्यांचे अनेक मासे स्वतःच वाढतात, त्यांच्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. मरळ-वामला बाजारात भावही चांगला मिळतो. चढणीत त्यांची वीण मारली गेली, तर पुढच्या हंगामात जाळ्यात येणारा हा बिनखर्चाचा वाटा घटतो. खाली गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळालाही हेच पाणी मिळते. तिथे येणाऱ्या कितीतरी पक्ष्यांचे पोट माशांवर असते.

महाराष्ट्रात शिकारीचा स्वतःचा मासा नाही का?

आहे, आणि तो ट्राउटपेक्षा कितीतरी मोठा होतो. दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे वैतरणा नदीत देवाचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवर कंपनीचे महसीर उबवणी केंद्र १९७०च्या दशकापासून चालू आहे. तिथे पावसाळ्यात मादीची अंडी काढून, फलित करून पिले वाढवली जातात. लाखो बोटुकली देशातल्या अनेक जलाशयांत गेली. पण याच कामातून एक धडाही मिळाला. कावेरी नदीत सोडलेले दख्खनी महसीर तिथे इतके फोफावले, की कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर मागे पडत गेला. तो मासा आज आययूसीएनच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. भारतातलाच मासा भारतातल्याच दुसऱ्या नदीत सोडल्याचा हा परिणाम.

हौस म्हणून बाहेरचा मासा सोडला तर काय बिघडते?

ट्राउटच्याच बाबतीत जगभरचे अनुभव बोलके आहेत. ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या आययूसीएनच्या यादीत आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका या उंचावरच्या सरोवरात ट्राउट आणि आणखी एक बाहेरचा मासा सोडल्यानंतर तिथला एक स्थानिक मासा कायमचा नाहीसा झाला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या तलावांत मुळात मासेच नव्हते. हौशी मासेमारांसाठी तिथे ट्राउट सोडले गेले आणि त्यांनी बेडकांची पिलावळ फस्त केली. काही तलावांतून ट्राउट काढून टाकल्यावर तिथे बेडूक परतले.

ट्राउट सह्याद्रीत तगणार नाही, त्यामुळे त्याचा धोका इथे नाही. धोका आहे तो इथल्या उन्हात तगणाऱ्या माशांचा. १९५२मध्ये भारतात आलेला तिलापिया आज कितीतरी जलाशयांत पसरला आहे. थाई मांगूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगूरच्या संवर्धनावर २०००पासून देशात बंदी आहे, कारण तो सुटला तर स्थानिक मासे खातो. शोभेच्या टाकीतला मासा मोठा झाला म्हणून धरणात सोडून देणे हीदेखील याच वाटेवरची चूक आहे.

मासेमारीला जाणाऱ्यांनी काय पाहावे?

काश्मीर किंवा हिमाचलमध्ये ट्राउट पकडायचा असेल, तर तिथल्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. परवान्यात ठिकाण, दिवस आणि ठेवता येणाऱ्या माशांची मर्यादा दिलेली असते. मासा परत सोडायचा असेल, तर बिनकाट्याचा गळ वापरावा, हात ओले करून मासा धरावा आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. मोबाइलवर फोटो घेण्यात गेलेला एक मिनिट माशासाठी श्वास कोंडलेला एक मिनिट असतो.

आपल्याकडच्या धरणावर गळ टाकण्याआधी तिथला हक्क कोणाकडे आहे हे विचारून परवानगी घ्यावी. राज्यात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे नियमन महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० नुसार होते. पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्याला तर १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच मनाई आहे. मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसात ओढ्याचे तोंड जाळ्याने पूर्ण अडवू नये, अर्धे पात्र मोकळे ठेवावे आणि पोट फुगलेली मादी हाती आली तर परत सोडावी, एवढे पाळले तरी वरच्या अंगाला वीण पोहोचते. ती पिले पावसाळा सरता सरता धरणात उतरतात. दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर गळ टाकणाऱ्यांना काय मिळणार, हे त्या जूनमधल्या पंधरा दिवसांत ठरलेले असते.